तीनशे रुपयांची ‘की’ आणि चाकणचं ड्रॉइंग: घरच्या कॉम्प्युटरचं लायसन्स नेमकं कोणाचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चाही थांबवला. तेव्हापासून मला मोशी, भोसरी, चाकण भागातल्या ओळखीच्या मुलांकडून एकच प्रश्न येतो, फक्त शब्द बदलतात. ‘दादा, सेकंडहँड लॅपटॉप घेतोय, दुकानदार म्हणतो विंडोज लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेट करून देतो. घेऊ का?’ किंवा, ‘ऑनलाइन तीनशे रुपयांत ओरिजिनल की मिळतेय, चालेल ना?’

यातली बरीच मुलं मोबाइलवरच मोठी झालेली. आयटीआय किंवा डिप्लोमा करून एखाद्या व्हेंडर कंपनीत लागली की पहिल्यांदा घरात कॉम्प्युटर येतो, कारण कॅड शिकायचं असतं. त्यामुळे लायसन्स, अ‍ॅक्टिव्हेशन हे शब्दच त्यांना परके वाटतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. फोन घेताना अँड्रॉइडची वेगळी पावती कोणी मागत नाही. सिस्टिम फोनबरोबर येते, फोनबरोबरच जाते. कॉम्प्युटरचं तसं नाही. तिथे मशीन एकाचं असू शकतं आणि त्यावरचा सॉफ्टवेअर वापरायचा हक्क दुसऱ्याच कोणाचा.

आधी हे कळू द्या: तुम्ही विकत काय घेता?

सॉफ्टवेअर आपण ‘विकत घेतो’ असं म्हणतो, पण हातात येतो तो वापराचा परवाना. प्रोग्रॅमचा कॉपीराइट कंपनीकडेच राहतो. आपल्याकडे यावर कोर्टात बराच काथ्याकूट झालाय. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुकानात मिळणारं तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च आहे, त्यावर विक्रीकर लागतो. मग २ मार्च २०२१ च्या निकालात त्याच कोर्टाने स्पष्ट केलं की साध्या वापरकर्त्याला लायसन्स देताना कॉपीराइट हस्तांतरित होत नाही. दोन्ही खटले खरं तर करांचे होते, पण आपल्या कामाची गोष्ट त्यातून कळते. कॉपी तुमच्याकडे आली, तरी तिच्यावर हवं ते करायचा अधिकार येत नाही. पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापून विकता येत नाही, तसंच.

आता हा परवाना खरा की खोटा हे मशीनला कसं कळतं? त्यासाठीच अ‍ॅक्टिव्हेशन. विंडोज एक्सपी आलं २००१ साली, आणि घरगुती विंडोजला सक्तीचं अ‍ॅक्टिव्हेशन तेव्हापासून लागलं. तत्त्व साधं आहे. पंचवीस अक्षरांची की आणि तुमच्या मशीनच्या हार्डवेअरवरून काढलेली एक खूण, ही जोडी कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवली जाते. तीच की भलत्या मशीनवर दिसली की सर्व्हर प्रश्न विचारतो.

आपल्या पुण्याला हा प्रकार नवीन नाही. जुन्या डीटीपीवाल्यांना विचारा. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी घेतलं की सोबत एक डाँगल यायचं, कॉम्प्युटरच्या मागे लावायचं छोटं कुलूप. ते काढलं की मराठी टायपिंग बंद. लग्नपत्रिकांच्या सीझनमध्ये डाँगल हरवलं तर दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. आज डाँगलच्या जागी इंटरनेट आलंय, एवढाच फरक. टॅलीमध्येही बघा, लायसन्स एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचं तर आधी पहिल्यावरून ‘सरेंडर’ करावं लागतं. आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही अकाउंटंटला ही सवय असते. विंडोजच्या बाबतीत मात्र तोच माणूस ‘चालतंय की’ म्हणतो!

ओईएम, रिटेल आणि कंपनीचा गेटपास

विंडोजचं लायसन्स साधारण तीन वाटांनी येतं, आणि सगळा घोळ तिसऱ्या वाटेत आहे.

ओईएम म्हणजे लॅपटॉपबरोबर कारखान्यातूनच आलेलं. ते मशीनच्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. गाडीच्या चेसिस नंबरसारखं समजा, गाडी विकली की नंबर तिच्याबरोबर जातो, तुम्ही तो काढून दुसऱ्या गाडीला लावू शकत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून मोठ्या ब्रँडच्या मशीनमध्ये ही की मदरबोर्डावरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. स्टिकर शोधायची गरज नाही. रिटेल म्हणजे तुम्ही वेगळं घेतलेलं. ते महाग असतं, पण जुना कॉम्प्युटर मोडीत काढला तर नव्यावर नेता येतं.

तिसरं म्हणजे व्हॉल्यूम लायसन्स, कंपन्या आणि कॉलेजांसाठीचं. शेकडो मशीनवर एकेक की कोण टाकत बसणार? म्हणून कंपनी आपल्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर ठेवते, त्याला केएमएस म्हणतात. नेटवर्कमध्ये किमान २५ कॉम्प्युटर असल्याशिवाय तो विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करत नाही. आणि दिलेलं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचंच असतं, मशीन मधूनमधून त्या सर्व्हरला हजेरी देऊन ते वाढवून घेतं.

चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम केलेल्यांना हे लगेच समजेल. हा गेटपास आहे. कंपनीत आहात तोवर चालतो, मुदत संपली की पुन्हा शिक्का मारून घ्यायचा, आणि नोकरी सुटली की तो कागदाचा तुकडा. ‘लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेशन’ म्हणून जे बऱ्याचदा विकलं जातं ते म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरला खोट्या केएमएस सर्व्हरशी बोलायला लावणं. बनावट गेटवर बनावट वॉचमन बसवला, झालं. आणि तीनशे रुपयांची की? ती पुष्कळदा कुठल्या तरी संस्थेच्या मोजक्या मशीनसाठी दिलेली एकच की असते, जी फोडून शंभर जणांना विकली जाते. पहिल्या दिवशी ती चालते, म्हणूनच लोक फसतात. सर्व्हर ‘हो’ म्हणाला म्हणजे की तुमची झाली असं होत नाही. मोजणी संपली किंवा की ब्लॉक झाली की खाली उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ असा फिकट शिक्का येतो, आणि विकणाऱ्याचं ऑनलाइन दुकान तोवर गायब झालेलं असतं.

तपासायचं कसं? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलं असेल तर बहुधा ठीक. पण घरच्या मशीनवर ‘तुमच्या ऑर्गनायझेशनच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिसने’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं तर स्वतःला विचारा, माझी ऑर्गनायझेशन कोणती?

इथे एक गंमत सांगतो, कारण ती पैसे वाचवणारी आहे. सेकंडहँड बाजारातले बरेच लॅपटॉप हे कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस मॉडेल असतात. त्यांच्या मदरबोर्डात विंडोज प्रो ची खरी ओईएम की आधीच बसलेली असू शकते. दुकानदार मात्र सवयीने सगळ्यांवर एकाच पेनड्राइव्हवरून भलतीच एडिशन टाकून वर अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो. म्हणजे घरात हक्काचं रेशनकार्ड असताना बनावट कार्डावर धान्य! अशा मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली योग्य एडिशन कोरी टाकली आणि इंटरनेट जोडलं, तर ती पुष्कळदा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. लॅपटॉप घेतानाच दुकानदाराकडून हे करून मागा.

फुकट अ‍ॅक्टिव्हेटरची किंमत कोण भरतं?

अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्याआधी तो तुम्हाला काय सांगतो आठवा: अँटिव्हायरस बंद करा, आणि अ‍ॅडमिन म्हणून चालवा. अनोळखी माणसाने ‘कुत्रा बांधा आणि तिजोरीची किल्ली द्या’ म्हटलं तर आपण देऊ का?

२०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं होतं की केएमएसपिको नावाच्या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा डेटाचोर पसरतोय. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून फिरणारा असाच दुसरा, लुमा. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचं जाळं तोडलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांतच जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटर त्याने बाधित केले होते. हे चोर स्क्रीनवर काही दाखवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकी उचलतात आणि निघून जातात. मग ओटीपी न येताच तुमचं इंस्टाग्राम किंवा जीमेल दुसरं कोणीतरी उघडतं. कारण कुकी म्हणजे आधीच आत शिरलेल्या माणसाचा हातावरचा शिक्का. फोन कितीही जपा, तेच अकाउंट घरच्या क्रॅक्ड कॉम्प्युटरवर उघडलं असेल तर दार तिथे सताड उघडं आहे.

कॅडचा प्रश्न वेगळा, आणि जास्त नाजूक

विंडोजबद्दल एवढं लिहिलं, पण आपल्या पट्ट्यात खरी टांगती तलवार कॅडची आहे. दिवसा एखाद्या छोट्या टूलरूममध्ये काम, रात्री घरी त्याच सॉफ्टवेअरची क्रॅक्ड कॉपी टाकून प्रॅक्टिस, आणि हळूहळू कोणाचं तरी बाहेरचं ड्रॉइंग करून दिलं, दोन पैसे मिळाले. यात कोणाला काही वाईट वाटत नाही. शिकायची धडपडच आहे ती. पण कायदा नेमकी इथेच रेघ मारतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ ब सांगतं की बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. पण त्यातच सूट आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल, तर कोर्ट कैद न देता फक्त ५०,००० पर्यंतचा दंड करू शकतं. म्हणजे घरातली प्रॅक्टिससुद्धा गुन्हा आहेच, मात्र पाचशे रुपयांचं जॉबवर्क केलं की सूट मागायची जागाही जाते. हे पाचशे रुपये फार महाग आहेत.

आणि पकडणार कोण, असं म्हणू नका. कॅडची अनेक सॉफ्टवेअर इंटरनेट मिळालं की आपण कुठे, कुठल्या लायसन्सवर चालतोय हे मूळ कंपनीला कळवतात. त्यातून नोटीस येते ती बहुधा वर्कशॉपच्या मालकाला. तुम्ही घरचा लॅपटॉप कंपनीच्या वायफायला जोडला, तर तुमच्या क्रॅकचा माग कंपनीच्या पत्त्यावर उमटू शकतो. पुढे जबाब कोणाला द्यावा लागेल, नोकरी कोणाची जाईल, हे मी सांगायला नको. मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्या व्हेंडरला अशी नोटीस परवडत नाही. मालकांनाही माझा एक प्रश्न आहे. एका लायसन्सवर तीन पोरं बसवायची आणि ‘घरून करून आण’ म्हणायचं, मग दोष एकट्या पोराचा कसा?

सरळ मार्ग आहेत, आणि ते फुकट आहेत. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅडसकट बरीच सॉफ्टवेअर एक वर्षासाठी मोफत देतं. शिकत असल्याचा पुरावा देऊन ते दरवर्षी वाढवता येतं, पण त्यावर पैशाचं काम करायचं नाही. सॉलिडवर्क्सच्या स्टुडंट एडिशनमध्ये केलेल्या फाइलला तशी खूण चिकटून राहते, ती कस्टमरला दिली तर लगेच कळतं. फ्यूजनचं वैयक्तिक वापराचं मोफत लायसन्स मर्यादा घालून मिळतं. आणि फ्रीकॅड तर पूर्ण मुक्त. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, आणि त्यावर जॉबवर्क करायलाही कोणाची परवानगी लागत नाही. खरं बोलायचं तर फ्रीकॅड शिकून लगेच नोकरी मिळत नाही, जाहिरातीत नावं दुसरीच असतात. पण स्केच, कन्स्ट्रेंट, असेंब्ली ही समज सगळीकडे तीच असते, बटणं बदलतात.

मग आता विंडोज १० वाल्यांनी काय करायचं?

विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच अधिकृत यादीत आहेत. मशीन त्यात बसत असेल तर विंडोज १० च्या खऱ्या लायसन्सवर ११ फुकट मिळतं. बसत नसेल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे न देता मिळते. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी, आणि सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते.

फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि अर्ज भरणं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट आणि लिबरऑफिस टाका. दोन्हींना की नाही, अ‍ॅक्टिव्हेशन नाही, आणि जुन्या चार जीबीच्या मशीनवरही ते विंडोजपेक्षा हलकं वाटतं. मराठी युनिकोड टायपिंगही होतं.

आणि सेकंडहँड घेणारच असाल तर बिलावर मशीनचा सिरियल नंबर आणि ‘विंडोज प्रो, ओईएम’ असं लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा आणि कोरं मशीन घ्या. विनापरवाना विंडोज टाकून देणं त्याच्यासाठीही जोखमीचं आहे. कॉम्प्युटर विकताना हार्ड डिस्कवर असं सॉफ्टवेअर भरून देणाऱ्या विक्रेत्याला दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्येच १९.७५ लाख रुपयांची भरपाई लावली होती. घासाघीस करताना हा आकडा लक्षात असू द्या.