जन्माने गुन्हेगार कोणीच नसतो

वर्गात कंपासपेटी हरवली की पहिला संशय कोणावर घ्यायचा, हे जणू ठरलेलेच असते. विद्यार्थी मित्रांनो, हा संशय किरकोळ वाटतो. पण अशाच समजावर एकेकाळी आपल्या देशात कायदा उभा होता.

माणूस गुन्हा का करतो, याविषयी समाजाचा जो समज असतो, तसा कायदा घडतो. माणूस विचार करून गुन्हा करतो, म्हणून शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, असे इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्ये मांडले. पुढे १८७६ मध्ये त्याच देशातील डॉक्टर लोम्ब्रोसो म्हणाला की, काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ती शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मोजमापे तपासली आणि १९१३ मध्ये हे मत खोडून काढले.

इकडे इंग्रज सरकारने १८७१ मध्येच गुन्हेगार जमाती कायदा केला होता. १९११ च्या नव्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. सोलापूर, हुबळी येथे या जमातींच्या वसाहती झाल्या. पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद होती. त्या मुलांचा गुन्हा एवढाच, की ती त्या घरात जन्मली!

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण ठपका पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश द्यावा लागला.

मग चूक करणाऱ्याला मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. कृत्य सिद्ध झाले तर जाब विचारलाच पाहिजे, पण तो कृत्याचा. घराण्याचा, वस्तीचा किंवा कपड्यांचा नव्हे. २०१५ चा बाल न्याय कायदाही अठरा वर्षांखालील मुलाला 'गुन्हेगार' न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो.

म्हणून शिक्षक, पालक व विश्वस्तांना विनंती, की वस्तू हरवल्यास एकाच मुलाचे दप्तर आधी उघडू नये. विचारायचे तर सर्वांना सारखेच विचारावे. लहानपणी चिकटलेले 'चोर' हे नाव मोठेपणीही सुटत नाही.