दहा सेकंदांचा आलेख आणि दिवसाची मजुरी

मुंबईतून पाहणाऱ्याला कर्जत-खालापूर हे तालुके अगदी हाताशी वाटतात. कर्जत स्थानक मुंबईपासून लोहमार्गाने शंभर किलोमीटरवर आहे, लोकलगाडी थेट खोपोलीपर्यंत जाते आणि खालापुरातून तर द्रुतगती महामार्गच गेला आहे. परंतु हे अंतर स्थानकापासूनचे झाले. भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडस भागातील किंवा माथेरानच्या उतारावरील वाडीतल्या माणसाला आधी स्थानक गाठावे लागते. आणि ज्याच्या छातीत मध्येच धडधडून डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याला ते अंतर नकाशावरच्याहून निराळे भासते.

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली आहे काय, हे पाहण्याची पहिली चाचणी म्हणजे ईसीजी, अर्थात हृदयाचा विद्युत्-आलेख. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उगम पावणारा सूक्ष्म विद्युत्-संदेश छातीला व हातापायांना लावलेली दहा टोके टिपतात आणि सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकणाऱ्या कागदावर तो उमटतो. या तंत्रासाठी 1924 चे नोबेल पारितोषिक मिळवणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन यांचे यंत्र दोन खोल्या व्यापत असे. म्हणून 1905 साली त्यांनी लायडनच्या रुग्णालयातील रुग्णांचे आलेख दूरध्वनीच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत घेतले. यंत्र हलण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी संदेश हलवला. आज यंत्र पिशवीत मावते, आणि हलावे लागते ते रुग्णाला!

अडचण अशी की हा आलेख जेमतेम दहा सेकंदांचा असतो आणि दिवसाचे सेकंद 86,400. लय अनेकदा थोडा वेळच बिघडते. रात्री धडधड झालेला मजूर सकाळी उपजिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत ठोके पूर्ववत झालेले असतात. कागद निर्दोष निघतो आणि माणूस घाबरट ठरतो. यावर उपाय आहे. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी 1961 मध्ये मांडलेल्या पद्धतीने चोवीस तासांची नोंद अंगावर वागवता येते. शिरेतून नळी थेट हृदयात नेऊन करावयाची तपासणी मोजक्यांनाच लागते. तिच्यासाठी मुंबईस जाणे रास्तच होय.

सरकारी दवाखान्यात चाचणी मोफत असेल, पण स्वस्त नसते. रुग्णाची मजुरी बुडते, सोबत्याची बुडते, गाडीभाडे जाते. आणि हे सारे एका निर्दोष कागदासाठी. दुसऱ्यांदा तो येत नाही, यात त्याचे अज्ञान शोधण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब चोख आहे. त्या हिशेबात न दिसणारी रक्कम मात्र फार मोठी असते. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाची झडप आकसते, आणि हा रोग मुख्यतः गरिबांचाच, त्यांच्यात वरच्या कप्प्यांची बेताल थरथर वारंवार आढळते. तीत रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाते व कमावता माणूस एका अंगाने लुळा पडतो. वेळीच आलेख निघाला तर गुठळी रोखणारी औषधे देता येतात.

शासनाचा कल यंत्रखरेदीकडे असतो. यंत्राचे उद्घाटन करता येते. कागदाची रिळे, चिकटपट्ट्या आणि आलेख काढणारा माणूस यांचे होत नाही, म्हणून आवर्ती खर्चाची बाजू लंगडी राहते. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचे. आलेख एकाने काढावा आणि दुसऱ्याने वाचावा, हे कोणाच्याच कामात मोडत नाही.

वस्तुतः धडधड होत असतानाच, मग ती रात्रीची का असेना, जवळच्या केंद्रात आलेख निघाला पाहिजे आणि त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून कर्जत वा अलिबागच्या डॉक्टरांकडे गेले पाहिजे. चोवीस तासांच्या नोंदीची दोन-चार यंत्रे उपजिल्हा रुग्णालयात ठेवून ती आशा सेविकांमार्फत वाडीवर पोचवता व परत आणता येतील. त्यांच्या या फेरीचा मोबदला आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचा पगार, या दोन रकमा जिल्हा परिषदेच्या आगामी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसल्या पाहिजेत.