बाई हवी, पण कुणाची लेक?

सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेले की आमच्या घरांतून पहिला प्रश्न हमखास येतो, "आत बाईमाणूसच आहे ना?" डॉक्टर बाई असावी, सिस्टर बाई असावी, पडदा नीट लावलेला असावा. मागणी रास्त आहे, आम्हीही ती वेळोवेळी केली आहे. पण बारावीचा निकाल लागला की याच घरांतले अब्बा मुलीची गुणपत्रिका घेऊन आमच्यासमोर बसतात आणि म्हणतात, "मॅडम, नर्सिंग सोडून काहीही सांगा. त्यात रात्रपाळी असते."

आता रात्री अडीच वाजता सुनेजवळ बाई हवी असेल, तर ती कुणाची तरी लेक असणार आणि त्या वेळी ती स्वतःच्या घराबाहेर असणार. इतका साधा हिशेब आहे. पण ती लेक दुसऱ्या कुणाची असावी, असे आपण मनात धरून चालतो.

आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी सध्या जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर अंबरनाथला, अब्बा उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारतात. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. उल्हासनगर कॅम्प चारचे शासकीय प्रसूतिगृह, कॅम्प तीनचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, शिवाय गल्लोगल्लीची खासगी प्रसूतिगृहे. या पट्ट्यातली बाळे अशाच ठिकाणी जन्माला येतात. अशाच एका ठिकाणी तिची रात्रपाळी लागली होती. तिच्या तोंडून ऐकलेली एक रात्र इथे सांगतो.

रात्री आठला पाळी सुरू झाली तेव्हा लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या चार बायका होत्या. त्यांच्यासाठी एक जुनी सिस्टर, दोन शिकाऊ मुली आणि एक मावशी. डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर सिझेरियनमध्ये. आत जाताना हिजाब टोपीखाली नीट खोचायचा, बाह्या कोपराच्या वर घ्यायच्या आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. बाह्यांवरून तिच्या फुफीने मागे बराच वाद घातला होता, तो इथे सांगत नाही. हात धुण्याच्या बाबतीत तडजोड नाही, एवढे पुरे.

शिकाऊ मुलीचे काम म्हणजे बाळ झेलणे, असे आम्हाला वाटत होते. तिने सांगितले की रात्रीचा बहुतेक वेळ मोजण्यात जातो. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, हे मोजायचे. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायचे. ते मिनिटाला साधारण ११० ते १६० असावे लागतात. हे सगळे पार्टोग्राफ नावाच्या एका कागदावर टिंबाटिंबाने भरायचे. टिंबे एका तिरक्या रेषेच्या उजवीकडे सरकू लागली की बाळंतपण अडते आहे असे समजून वेळेत डॉक्टरांना हाक मारायची. भूमितीच्या तासाला हीच मुलगी आलेखाच्या वहीला कंटाळायची!

साडेबाराला एक मुलगी झाली, सुखरूप. दोनच्या सुमारास मात्र दोघींची वेळ एकदमच आली आणि त्यातच बदलापूरच्या बाजूने रिक्षातून तिसरी आणली गेली. तिच्या बाळाचे डोके दिसत होते. टेबलापर्यंत न्यायलाही वेळ मिळाला नाही, स्ट्रेचरवरच मुलगा झाला. तो रडला नाही. सिस्टरने "पूस, पूस त्याला" एवढेच म्हटले. हिने कोरड्या कापडाने त्याला पुसले, पाठ चोळली. तरी श्वास नाही म्हटल्यावर सिस्टरने नाळ कापून त्याला दिव्याखाली घेतले आणि तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा दिली. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटातच हे सुरू व्हावे लागते. बाळ रडले तेव्हा मावशीने मोठ्याने अल्लाचेही नाव घेतले आणि विठ्ठलाचेही.

खरी परीक्षा यानंतर होती. सिस्टर बाळाकडे, दुसरी मुलगी दुसऱ्या टेबलाकडे आणि ही त्या आईजवळ. बाळ जन्मताच मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे असते, ते दिले होते. वार पडली होती. हिने शिकवल्याप्रमाणे आईच्या पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय आक्रसून घट्ट गोळ्यासारखे लागले पाहिजे. हाताला ते लागले मऊ. खाली पाहिले तर कापड भिजत चालले होते. तिने लगेच पोट चोळायला सुरुवात केली आणि सिस्टरला हाक मारली. सलाइनमधून औषध सुरू झाले, वरून डॉक्टरीणबाई धावत आल्या, रक्तासाठी निरोप गेला, पुढे हलवण्याची वेळ आलीच तर म्हणून १०८ च्या गाडीचीही चौकशी झाली. वीस मिनिटांनी गर्भाशय घट्ट झाले. तोवर हिने हात उचलला नव्हता.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. २०१८-२० च्या सरकारी पाहणीनुसार दर एक लाख जन्मांमागे भारतात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. आपल्या राज्याचा आकडा खाली आला त्यात योजनांचा वाटा आहे, औषधांचा आहे, तसाच रात्री योग्य वेळी पोटावर असलेल्या अशा हातांचाही आहे. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना यातले काहीच कळले नाही. त्यांना मुलगा झाल्याचे कळले.

फजरच्या सुमाराला सासूबाई मधाची बाटली घेऊन दाराशी आल्या. बाळाला पहिल्यांदा मध चाटवायचा, ही घराण्याची रीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून क्वचित का होईना जिवाला घातक असा आजार होऊ शकतो. हे पुस्तकातले वाक्य हिने पुस्तकासारखे सांगितले नाही. "दादीजान, अजान आधी होऊ द्या, अब्बांना बोलावते. आणि पहिला घास आईच्या चिकाचा. सूरह बकरामध्ये आईच्या दुधाचाच उल्लेख आहे ना?" दादीजान विचारात पडल्या, मग बाटली पिशवीत गेली. हेच बाहेरच्या कुणी सांगितले असते तर ऐकले असते का, याची आम्हाला शंका आहे.

सुईणपण हे हलके काम, असा एक समज आपल्यात कुठून शिरला कोण जाणे. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या मुकद्दिम्यात सुईणकामावर स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्यकी आणि लेखन यांच्या जोडीने त्याने या कामाला प्रतिष्ठेच्या हुनरांत बसवले. हे काम बहुधा बायकांचेच, हेही त्याने लिहिले आणि तान्ह्या बाळांची दुखणी कुशल हकिमापेक्षा सुईणींना जास्त कळतात, हेही. आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो, मुलींना मात्र रात्री आठनंतर दार बंद.

या मुलीचे अब्बा रमजानमध्ये आमच्याकडे आले होते. थोरल्या भावाने टोकले होते, मोहल्ल्यात चर्चा होती, शेवटचे काही महिने उरले असताना ते तिचे नाव काढायच्या विचारात होते. आम्ही त्यांना समजावत बसलो नाही. एवढेच विचारले, "त्या रात्री काय झाले ते तुम्ही तिला विचारलेत का?" विचारले नव्हते. कसे विचारणार, बाळंतपणाच्या गोष्टी बाप-लेकीत बोलल्या जात नाहीत. अम्मीला मध्ये बसवून एकदा ऐका, एवढी विनंती केली.

नाव काढलेले नाही. पाळीला सोडायला आता ते स्वतः स्कूटरवर येतात आणि सकाळी आठला फाटकाशी उभे असतात. थोरले भाऊ अजून बोलत नाहीत.

ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. एएनएम दोन वर्षांचा, त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते. जीएनएम तीन वर्षांचा, बारावीला किमान ४० टक्के गुण लागतात, विज्ञान असेल तर उत्तम. त्यानंतर परिचारिका आणि सुईण अशी दोन्ही नोंदणी होते. संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते पैसे भरण्याआधी पाहा. वसतिगृह रुग्णालयाच्या किती जवळ आहे, रात्रपाळीला मुलीला एकटीला ठेवतात की जोडीने, पाळी संपल्यावर घरी जायची सोय काय, हे प्रश्न अब्बांनी तिथे जाऊन स्वतः विचारावेत. त्यात गैर काहीच नाही. आणि ओबीसीत मोडणाऱ्या घरांनी जातीच्या व नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नये. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर लांब रांग लागते.