मुलांस मोकळीक किती द्यावी ?

ज्या खेड्यांत माझें बालपण गेलें, तेथें मुलांस पोहावयास शिकविण्याची एक रीत होती. उन्हाळ्याच्या सुटींत बाप मुलास विहिरीवर नेई, त्याच्या पाठीस सुका भोपळा किंवा रिकामा बंद डबा बांधी, कमरेस दोर लावी, आणि दोराचें दुसरें टोंक हातांत धरून स्वतः पायरीवर उभा राही. मूल पाण्यांत पडे, घाबरे, ओरडे, हातपाय मारी. तें खरोखरच बुडूं लागलें म्हणजे दोर ताणला जाई. एरवीं तो सैल असे. आठ-दहा दिवसांनीं भोपळा सुटे, आणखी कांहीं दिवसांनीं दोर सुटे. बाप मात्र त्यानंतरही बरेच दिवस पायरीवर बसून राही. मुलास अठरा वर्षें पाण्यापासून दूर ठेवून एके दिवशीं एकदम खोल डोहांत ढकलून देणारा बाप मीं त्या गांवीं पाहिला नाहीं.

इतर गोष्टींत मात्र आपण नेमकें असेंच वागतों, अशी माझी तक्रार आहे. आणि ती करतांना मी स्वतःस वगळीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी दहावीच्या परीक्षेंत उत्तम गुण मिळवून पुण्यास महाविद्यालयांत गेला. आम्हां शिक्षकांस त्याचा मोठा अभिमान वाटला. दीड महिन्यांत तो परत आला. अभ्यास त्यास जड गेला नव्हता. परंतु बँकेंतून पैसे कसे काढावे, कपडे कसे धुवावे, ताप आला असतां कोणास सांगावें, आणि खोलीवरील सोबत्यांनीं नको त्या ठिकाणीं चलण्याचा आग्रह केला तर 'नाहीं' कसें म्हणावें, यांपैकीं कांहींच त्यास ठाऊक नव्हतें. सोळा वर्षें त्याचें दप्तर आईनें भरलें, त्याचे अर्ज वडिलांनीं भरले, आणि त्याचीं उत्तरें आम्हीं फळ्यावर लिहून दिलीं. आम्हीं सर्वांनीं मिळून त्यास कोरड्या जमिनीवर पोहावयास शिकविलें होतें.

पांच वर्षें लाड करावे, पुढें दहा वर्षें धाकांत ठेवावें, आणि सोळावें लागलें म्हणजे पुत्रास मित्राप्रमाणें वागवावें, अशा अर्थाचें एक संस्कृत सुभाषित आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. त्याचा शेवट मला मान्य आहे. मधलीं दहा वर्षें मात्र मला खटकतात. ज्यास दहा वर्षें केवळ धाकच ठाऊक, तो सोळाव्या वर्षाच्या पहिल्या सकाळीं मित्र कसा होईल ? कायद्यानेंही मुलास सर्व अधिकार एकाच दिवशीं दिलेले नाहींत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांच्या मुलास, बँकेनें घातलेल्या मर्यादेंत, बचत खातें स्वतः चालवितां येतें. सोळाव्या वर्षीं ५० सी. सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळूं शकतो. मोटार चालविण्यास, करार करण्यास व मत देण्यास १८ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. मतदानाचें वय तर १९८९ सालापर्यंत २१ होतें. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं संमत केलेल्या आणि भारतानें १९९२ सालीं स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारांतही हेंच तत्त्व आहे. आईबापांनीं मुलास मार्ग दाखवावा, पण तो त्याच्या वाढत्या कुवतीस धरून दाखवावा, असा त्यांतील एका कलमाचा आशय आहे. कुवत वाढती असेल, तर मोकळीकही वाढती असली पाहिजे.

ही वाढ अगदीं लहानपणींच सुरू व्हावी लागते. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत पहिलें बालगृह उघडलें, तेथें चिमुकलीं मुलें आपल्या हातांनीं बटणें लावीत, ताटें मांडीत आणि फरशी पुशीत. त्यांच्या पद्धतींत फुटण्याजोगीं भांडीं मुद्दाम मुलांच्या हातीं देतात. कारण फुटणारी वस्तु जपून धरावयास शिकण्याचा दुसरा मार्ग नाहीं. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून हाच विचार रुजविला, आणि ताराबाईंनीं पुढें १९४५ सालीं बोर्डीसारख्या खेड्यांत गरिबांच्या मुलांपर्यंत तो नेला. आपल्या घरीं मात्र दहा वर्षांच्या मुलाच्या हातांतील चहाची कपबशी आपण धांवत जाऊन काढून घेतों.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, कोणत्या वयांत किती मोकळीक द्यावी, हें ठरवावें कसें ? मला एक माप उपयोगीं पडलें आहे, तें सांगतों. मुलाच्या हातून होणारी चूक मागाहून सुधारण्याजोगी आहे काय, हें प्रथम पाहावें. खाऊचे पैसे पहिल्याच दिवशीं उडाले, तर उरलेला आठवडा हात आंखडून काढावा लागेल. ही चूक सुधारते. अभ्यासाचें वेळापत्रक त्यानें स्वतः आंखलें आणि चाचणींत गुण कमी पडले, हीही सुधारते. एस्. टी. ची एक गाडी चुकली, तर दुसरी मिळते. अशा सर्व ठिकाणीं दोर सैल सोडावा, आणि चूक झाल्यावर 'मीं सांगितलें नव्हतें काय ?' असें म्हणण्याचा मोह आवरावा. परंतु जेथें एका चुकीनें हातपाय मोडतील, दुसऱ्याचा जीव जाईल, व्यसन लागेल किंवा अब्रूवर बेतेल, तेथें दोर घट्ट धरावा, आणि तो कां धरला, हें मुलास समजावून सांगावें.

गंमत अशी कीं, पुष्कळ घरांत याच्या अगदीं उलट चालतें. अकरावीस कोणते विषय घ्यावे, हें मुलास विचारीत नाहींत. पण पंधराव्या वर्षीं मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातीं कौतुकानें देतात. चुकीचा विषय घेतला तर फार तर एक वर्ष जाईल. त्या किल्लीनें काय काय जाईल, याचा हिशेब कोणी करीत नाहीं. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती झाली असून, अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. कौतुकानें किल्ली देणाऱ्यांनीं निदान एवढें तरी लक्षांत ठेवावें.

येथें माझ्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. माझी कन्या नववींत असतां ती मोबाइलवर फार वेळ घालविते, असें मला वाटूं लागलें. तिच्याशीं बोलावयाचें सोडून, एके रात्रीं ती झोपल्यावर मीं तिचा मोबाइल उघडून मैत्रिणींशीं झालेलें सारें बोलणें वाचलें. त्यांत गणिताच्या तासाविषयींच्या तक्रारींपलीकडे कांहीं नव्हतें. सकाळीं तिला तें कळलें. तिनें मोबाइल माझ्यापुढें टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलं असतं, तर मी स्वतःच दाखवला असता." ती रागावली नाहीं, परंतु त्या दिवसापासून शाळेंतून आल्यावर ती मला ज्या चार गोष्टी सांगत असे, त्या बंद झाल्या. त्या पुन्हां सुरू व्हावयास जवळजवळ एक वर्ष लागलें. त्या वर्षांत तिच्यावर खरोखरच कांहीं संकट आलें असतें, तर तें मला सर्वांत शेवटीं कळलें असतें. चोरून पाळत ठेवणारा बाप पायरीवर उभा असतो खरा. पण त्याच्या हातांत दोर नसतो.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक शब्द. एकाच घरांत भाऊ रात्रीं नऊ वाजतां बाहेर जातो, आणि त्याच्याहून दोन वर्षांनीं मोठी असलेली बहीण सायंकाळीं सहा वाजतां दुकानापर्यंत जावयास त्यालाच सोबत मागते. मुलींस धोका अधिक, असें उत्तर मिळतें. धोका आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण ज्यांच्यापासून धोका, ते कोणाच्या तरी घरचे मुलगेच असतात. मग धाकाचा सारा भार मुलींवर कां? शिवाय, जिला कधीं एकटीनें वाट चालूं दिली नाहीं, ती संकटांत अधिक सुरक्षित राहते, असा अनुभव नाहीं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि तिनें तें मुलीस दिलें. १८७४ सालच्या दुष्काळांत आईबाप दोघेही गेले, तेव्हां रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. भावाबरोबर पायीं देश तुडवीत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या, आणि तेथील विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आईबाप पुरले नाहींत. त्यांनीं वेळीं दिलेलें सामर्थ्य पुरलें.

'काळ वाईट आहे,' असें कांहीं पालक म्हणतील. त्यांची भीति मी खोटी मानीत नाहीं. आमच्या वडिलांस फक्त रस्ता, नदी आणि वाईट संगत यांचें भय होतें. आतां सारें जग मुलाच्या खिशांत येऊन बसलें आहे. पण काळ जितका कठीण, तितकी मुलास निवड करण्याची संवय लौकर लागली पाहिजे. विहीर खोल आहे, म्हणून पोहणें शिकवूं नये, असें कोणी म्हणत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, हें सर्व वाचून तुम्हांस आनंद झाला असेल, आणि हा अंक तुम्ही आज रात्रींच वडिलांपुढें ठेवाल. अवश्य ठेवा, पण तुमच्या वांट्याचा भागही वाचा. मोकळीक मागून मिळते, त्याहून अधिक ती वागून मिळते. सात वाजतां येतों म्हणून सांगितलें, तर सातला यावें. उशीर होणार असेल, तर आधीं कळवावें. दिलेल्या पैशांचा हिशेब कोणी न मागतां द्यावा. चूक झाली तर ती दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापूर्वीं आपल्या तोंडून सांगावी. ज्या मुलानें स्वतः येऊन चूक कबूल केली, त्यावरचा माझा विश्वास कमी झाला, असें वीस वर्षांच्या नोकरींत मला स्मरत नाहीं. आणि आईबाप 'नको' म्हणाले, तर कारण अवश्य विचारा. पण तें ऐकून घेण्याइतका धीरही धरा.

पालकांस एवढीच विनंति कीं, या वर्षीं आपल्या मुलाची एक तरी गोष्ट, जी आजवर आपण करीत आलां, ती त्याच्यावर सोंपवावी. परीक्षेचा अर्ज असो, बाजारहाट असो, मावशीच्या गांवचा एकट्यानें केलेला प्रवास असो. तो पुण्याहून परत आलेला मुलगा पुढील वर्षीं पुन्हां पुण्यास गेला. मधल्या काळांत आईनें त्यास स्वयंपाक शिकविला, आणि वडिलांनीं घरचे बँकेचे सारे व्यवहार त्याच्याकडे दिले. पहिल्याच महिन्यांत त्यानें विजेचें बिल भरावयाचें विसरून घर एक दिवस अंधारांत ठेवलें. वडील रागावले नाहींत. दुसऱ्या महिन्यापासून बिल वेळेवर भरलें जाऊं लागलें.