समतोल आकड्यांत नसतो

१९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘चॅम्पियन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या, महानायकांच्या भूमिकाखेळात प्रत्येक शक्ती गुण मोजून घ्यावी लागते. तिच्यावर मर्यादा स्वीकारली की ती स्वस्त पडते. मग हिशेबी खेळाडू ‘पाण्याखाली चालत नाही’ अशी मर्यादा घालून घेतो आणि वाळवंटातल्या कथेत सवलत मागतो! जी मर्यादा अडवत नाही तिला सवलत नाही, असे नियमच बजावतो. पण ती अडवते की नाही, हे कोणता आकडा सांगणार? समुद्रतळाच्या कथेत तीच मर्यादा जीवघेणी ठरते. सूत्रधाराने कथा पाहून दिलेल्या निवाड्याला मनमानी म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते : संदर्भ वगळून संहितेचा अर्थ लागतो कुठे? नुसत्या शब्दावर बोट ठेवणारे वाचन तटस्थ दिसते. प्रत्यक्षात ते पळवाट शोधणाऱ्याची वकिली करते.