वरखर्चाची तरतूद

दिवाळी सरली की पुढील उन्हाळ्याच्या युरोप-सहलींच्या जाहिराती आपल्या वृत्तपत्रांतून झळकू लागतात, आणि पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतील ज्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे काटकसर करून, भविष्यनिर्वाह निधीतील वा मुदतठेवीतील काही भाग बाजूला काढून, आयुष्यात एकदा तरी आल्प्सचा बर्फ डोळ्यांनी पाहण्याचा बेत केलेला असतो, त्या कुटुंबांत दरपत्रकांची तुलना सुरू होते. ही तुलना बहुधा माणशी किती लाख या एकाच आकड्याभोवती फिरते. विमानभाडे, व्हिसा, हॉटेल, दोन्ही वेळचे जेवण, आरामबस आणि प्रेक्षणीय स्थळांची प्रवेशमूल्ये त्या आकड्यात धरलेली आहेत, एवढी खातरजमा झाली की खर्चाची बाब निकालात निघाली, अशी घरातल्या सर्वांची समजूत होते. प्रत्यक्षात बसमध्ये पाऊल ठेवल्यापासून परतीच्या विमानात बसेपर्यंत रोज जी रक्कम युरोने आणि सेंटने हातावेगळी होत असते, ती दरपत्रकात असलीच तर शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांत असते, घरच्या अंदाजपत्रकात तर नसतेच. आणि एकूण खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ असलेली ही रक्कमच प्रवाशाचे, त्यातही वयस्क प्रवाशाचे, स्वास्थ्य हिरावून घेते. रोजचा वरखर्च आणि सहलीअखेरची बक्षिसी या दोन बाबी सहलीच्या किमतीइतक्याच ठळकपणे छापल्या गेल्या पाहिजेत, आणि बक्षिसीच्या नावाने जमा झालेला पैसा कोणाच्या हाती पडला याचा जाब प्रवाशाला मागता आला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मार्गदर्शकासह समूहाने करावयाच्या सहलींचा जन्मच मुळी प्रवाशाला पैशाच्या विवंचनेतून सोडविण्यासाठी झाला. टॉमस कुक याने जुलै 1841 मध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे 500 माणसे आगगाडीने नेली, तेव्हा जाण्यायेण्याचे मिळून एक शिलिंग घेतले होते आणि ते आधीच ठरवून सांगितले होते. पुढे त्याच्या संस्थेने हॉटेलांसाठी आगाऊ पैसे भरून घ्यावयाच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांचा हेतू हाच की परमुलखात, अनोळखी भाषेत, अनोळखी नाण्यांत, सामान्य माणसाला पदोपदी घासाघीस करावी लागू नये. आपल्या वारीतल्या दिंड्यांतही निघण्यापूर्वी भिशीची रक्कम ठरते, ती भरली की पंढरपूरपर्यंतच्या भोजनाची चिंता वारकऱ्याला उरत नाही, आणि ती किती हे विचारण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. आजच्या लाखो रुपयांच्या सहलींत मात्र किमतीचा मोठा भाग आगाऊ सांगितला जातो आणि लहान भाग वाटेवर उलगडत जातो, हा त्या मूळ कल्पनेचा विपर्यास आहे.

हा लहान भाग कसा उलगडतो ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीच्या महामार्गावर बस थांबते, चाळीस-पंचेचाळीस माणसे खाली उतरतात, आणि प्रसाधनगृहाच्या दाराशी फिरत्या दांड्याचे एक यंत्र उभे असते. तेथील बहुतेक विश्रामस्थानांवर आता आत जाण्यासाठी 1 युरो टाकावा लागतो. नोव्हेंबर 2022 पर्यंत तो दर 70 सेंट होता. नाणे टाकले की यंत्रातून एक कागदी पावती बाहेर येते आणि त्याच विश्रामस्थानातील दुकानात खरेदी केल्यास तेवढी वजावट मिळते, पण हे आधी कोणी सांगितलेले नसल्यामुळे त्या पावत्या कोटाच्या खिशात चुरगळून तशाच मायदेशी येतात. दिवसातून दोन-तीन वेळा नवराबायकोचे मिळून चार ते सहा युरो केवळ या कारणासाठी गेले, म्हणजे आपल्या पैशांत चारशे ते सहाशे रुपये गेले, असा हिशेब मनात सुरू झाला की पुष्कळ वयस्क स्त्रिया सकाळपासून पाणी पिणेच कमी करतात. अनेक सहलींत मी हे पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा विषाद वाटला आहे. साठीच्या पुढच्या बाईने, जिने लाखांची रक्कम विनातक्रार भरली, तिने एका युरोपायी दिवसभर तहान मारावी, यात तिच्या कंजूषपणाचा प्रश्न येत नाही. तिला या खर्चाची कल्पना कोणी दिली नव्हती, म्हणून तो तिला दंडासारखा भासतो. तोच खर्च घरून निघतानाच वेगळा काढून ठेवलेला असता, तर दांड्यातून आत जाताना तिने पुन्हा विचार केला नसता. इटलीतील महामार्गांवर बहुधा असे शुल्क नसते, रोमच्या रस्त्यांवर अहोरात्र वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, स्वित्झर्लंडच्या गावोगावच्या कारंज्यांचे पाणीही, तसा मनाईचा फलक नसल्यास, खुशाल प्यावे असे असते; पण या गोष्टी बसमध्ये पहिल्याच सकाळी सांगितल्या तर उपयोगाच्या.

दुसरी अडचण सुट्यांची. आपल्याकडील परकीय चलनाच्या दुकानात नोटा मिळतात, नाणी मिळत नाहीत, आणि मागितल्याशिवाय पन्नासाच्या व शंभराच्या नोटा हातावर ठेवल्या जातात. परिणामी पहिल्या दिवशी खिशात पुरेसा पैसा असूनही माणूस निर्धनासारखा होतो आणि सहप्रवाशाकडे एकेक युरो उसना मागत फिरतो. पाच आणि दहाच्या नोटा आग्रहाने मागून घ्याव्यात, आणि विमानतळावर उतरताच एक कॉफी घेऊन त्यातली एक मोडावी. घरच्या कपाटात कोणा भाच्याने वा पुतण्याने आणून दिलेले कागदी पौंड असतील, तर त्यांच्या भरवशावर इंग्लंडला जाऊ नये, कारण 20 आणि 50 पौंडांच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर तेथे चलनात राहिलेल्या नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये युरो घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि दर दुकानदाराच्या मर्जीचा असतो. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारते, तेव्हा रुपये ओळखीचे म्हणून तिकडे बोट नेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण रुपयांचा तो दर बँकेच्या दराहून बहुधा महाग पडतो.

आता बक्षिसीकडे वळू. जो मनुष्य बारा दिवस आपल्याला डोंगरांच्या घाटांतून आणि शहरांच्या चिंचोळ्या गल्ल्यांतून सुखरूप नेतो, त्याच्या कामाकडे आपण क्वचितच लक्ष देतो. युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमांप्रमाणे त्याने दिवसाला साधारणतः 9 तासांहून अधिक वाहन चालवू नये, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे आणि रात्री 11 तासांची विश्रांती घ्यावी असा दंडक आहे, व त्याची प्रत्येक मिनिटाची नोंद वाहनातील यंत्र ठेवीत असते. पण स्टिअरिंगवर नसलेल्या वेळात तो स्वस्थ बसलेला नसतो. पहाटे पंचेचाळीस जड बॅगा तो बसच्या पोटात रचतो, संध्याकाळी त्या उतरवतो, आणि सगळे जेवायला गेले की केर काढून काचा पुसतो. पोलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया अशा देशांतून आलेले हे चालक आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतात. त्यांच्यासाठी आणि आपल्या सहल-व्यवस्थापकासाठी प्रत्येकी माणशी दिवसाला दोन युरोच्या आसपास द्यावेत असा रिवाज भारतीय सहलींत रुळला आहे.

या रिवाजाची वसुली मात्र फार अप्रशस्त रीतीने होते. अखेरच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर ध्वनिक्षेपकावरून सूचना येते, पाकीट आसनाआसनांतून फिरू लागते, कोणाकडे सुटे नसतात, कोणाचे चलन संपलेले असते, कोणी झोपेचे निमित्त करतो; आणि ज्यांच्याकडे खरोखरच काही शिल्लक नाही त्यांची मान सर्वांसमक्ष खाली जाते. काही प्रवासी तर एखाद्या हॉटेलात भाजी अळणी होती, एखादे स्थळ पावसामुळे हुकले, याची भरपाई चालकाच्या बक्षिसीतून कापून घेतात, ज्याचा त्या भाजीशी आणि पावसाशी काडीचाही संबंध नसतो. तक्रार संस्थेकडे लेखी करावी. चालकाचा मेहनताना हे तक्रारीचे साधन होऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल की बक्षिसी ही ऐच्छिक असावी, ती आधीच मागितली तर ती बक्षिसी कसली. आणि मालकाने पुरेसे वेतन दिले तर तिची गरजच काय. तत्त्वतः हे मला मान्य आहे. जपानमध्ये अशी रक्कम देऊ केल्यास समोरचा माणूस अवघडतो, फ्रान्समधील उपाहारगृहांत सेवेचे मूल्य दरातच मिळवलेले असते, आणि याउलट अमेरिकेत बक्षिसीवर काम करणाऱ्यांना मालकाने द्यावयाचे किमान संघीय वेतन 1991 पासून ताशी 2 डॉलर 13 सेंटवरच थांबलेले आहे, ज्याची भरपाई गिऱ्हाइकाच्या खिशातून होते. ही अमेरिकी पद्धत आपण अनुकरणीय मानू नये. परंतु रिवाज आज अस्तित्वात आहे, चालकाने आणि व्यवस्थापकाने त्या उत्पन्नाचा हिशेब मनाशी धरलेला आहे, आणि अशा स्थितीत तो रिवाज मोघम ठेवण्याने ज्याचे नुकसान होते तो सर्वांत दुबळा माणूस असतो.

अलीकडे काही ठिकाणी बक्षिसीची रक्कम आगाऊच सहलीच्या किमतीत घेतली जाते. ही पद्धत मला अधिक सभ्य वाटते, पण तिच्यासोबत जबाबदारी येते. ब्रिटनमध्ये 2023 साली या विषयावर कायदा झाला आणि ऑक्टोबर 2024 पासून तो अंमलात आला. त्यानुसार गिऱ्हाइकांनी दिलेली बक्षिसी मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती कोणतीही कपात न करता कामगारांना द्यावी लागते. आपल्या संस्थांनी कायद्याची वाट पाहू नये. पंचेचाळीस माणसांचे दिवसाला दोन युरो म्हणजे 90 युरो, बारा दिवसांचे 1080 युरो होतात. एवढी रक्कम चालकाच्या नावाने जमा केली असेल, तर ती त्याला पोचल्याची पावती सहलीच्या अखेरीस प्रवाशांना दाखवणे अवघड नाही. प्रवाशांनीही ती मागण्यात भीड धरू नये.

प्रवाशाच्या बाजूने पाहता, जेवणखाण अंतर्भूत असलेल्या सहलीत माणशी दिवसाला 15 युरो वरखर्चाला पुरेसे आहेत, असे माझे मत आहे. त्यात प्रसाधनगृह, पाणी, एखादी कॉफी आणि नातवंडांसाठी चॉकलेट बसते. बारा दिवसांचे पतीपत्नीचे 360 युरो झाले, बक्षिसीचे 96, एकूण 456. युरोने शंभरी ओलांडलेल्या आजच्या काळात ही रक्कम पन्नास हजार रुपयांच्या घरात जाते. ज्या मुलामुलींनी आईवडिलांना सहलीला पाठवण्याचे ठरवले आहे, त्यांनी संस्थेचा हप्ता भरताना हे पन्नास हजारही त्याच दिवशी बाजूला काढावेत आणि आईच्या हाती तिचा वाटा स्वतंत्र द्यावा, कारण परदेशात पैशाचे पाकीट एकाच्या खिशात असले की दुसऱ्याला पाण्याच्या बाटलीसाठीही विचारावे लागते. बक्षिसीचे पाकीट घरूनच भरून, बंद करून, बॅगेत वेगळे ठेवावे, म्हणजे मधल्या खरेदीत ते खर्ची पडत नाही. आणि नाव नोंदवताना कचेरीतल्या माणसाला हॉटेलांत भरावा लागणारा शहरकर किमतीत आहे का, ऐच्छिक सहलींचा दर किती आणि बक्षिसी आगाऊ घेणार की वाटेवर, हे विचारून त्याची उत्तरे नोंदणीच्या कागदावर लिहून, त्यावर सही घ्यावी.