हापशाचा दांडा काढू नका

गावात नळ आला की पहिली कुऱ्हाड हापशावर पडते. तो कुणी मुद्दाम मोडत नाही, नुसता विसरला जातो. सिलिंडरमधलं वायसर झिजतं, कितीही हापसलं तरी घागर भरत नाही. तक्रार कोण करणार? घरात नळ आहे ना! मग कुणीतरी दांडा काढून नेतं, त्याच बोअरमध्ये मोटर सुटते आणि ओटा गुरं बांधायच्या कामी येतो. पुढे एप्रिल-मेमध्ये वीज जाते, टाकीत पाणी चढत नाही, योजनेची विहीर तळ गाठते. टँकरची वाट बघणारी भांडी रांगेत लागतात ती नेमकी त्याच बिनदांड्याच्या हापशाशेजारी.

हे थांबवा, एवढंच सांगण्यासाठी हा लेख. तुमच्या गावातला हापसा आहे तिथे राहू द्या, आणि चालू राहू द्या. अडगळ म्हणून जे भंगारात जातंय, ते विसाव्या शतकातल्या अतिशय शहाण्या यंत्रांपैकी एक आहे. त्याच्या घडणीत जालना आणि सोलापूरचा हात आहे, हे तर आपल्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

१९६६-६७ च्या दुष्काळात बिहार आणि उत्तर प्रदेशात विहिरी आटल्या, तेव्हा युनिसेफने कठीण खडकात भोक पाडणारी यंत्रं भारतात आणली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. आपल्याकडे वर काळा पाषाण आणि पाणी त्याच्या भेगांत. हाताने विहीर खणायला महिने लागायचे, यंत्राने बोअर चटकन व्हायची. खड्डा झाला, पण त्यातून पाणी वर काढायचं कशाने? त्या वेळी जे हातपंप बसवले गेले, ते परदेशातल्या शेतघरांच्या परसातल्या बिडाच्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबाने दिवसातून दोन-चार बादल्या काढाव्यात, एवढ्यासाठी बनवलेलं ते यंत्र. इथे त्यावर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्खं गाव तुटून पडलं. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा चारांतले तीन पंप बंद सापडले. पैसा जमिनीत गेला आणि बायका पुन्हा ओढ्याच्या झऱ्यावर.

या अपयशावरचा उपाय मात्र कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये आणि पुढे सोलापुरात, रोज मोडके पंप दुरुस्त करणाऱ्या माणसांनी तो शोधला. बिडाऐवजी पोलाद घेतलं. दांडा एकाच ठिकाणी, बंद बेअरिंगवर टेकवला. सोलापूरच्या पंपात दांडा आणि बोअरमधला दट्ट्या उचलणारी सळई यांच्यामध्ये साखळी आली. याच सोलापूर पंपाच्या पायावर भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ उभा केला. कोइमतूर भागातल्या गावांत तो वापरून, घासून पाहिला आणि १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक निघालं. आपला हापसा तो हाच.

ती साखळी जरा नीट बघा, सगळी करामत तिथे आहे. जुन्या पंपात दांडा सळईला सरळ जोडलेला असे. दांडा गोलाईत फिरणार, सळईला मात्र सरळ वर-खाली जायचंय. मग प्रत्येक हिसक्याला सळई तिरकी ओढली जाई, बोल्ट झिजत, भोकं मोठी होत, शेवटी दांडा हातात येई. हापशात दांड्याच्या पुढच्या टोकाला चक्राचा एक तुकडा आहे आणि साखळी त्याच्या कडेवर गुंडाळत-सुटत जाते. त्यामुळे सळई कायम सरळच उचलली जाते. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग दट्ट्या खाली कसा जातो? सळयांच्या स्वतःच्या वजनाने. म्हणजे जे ओझं अडचण वाटावं, तेच कामाला लावलं आहे. दुसऱ्या बाजूला दांडा भरीव पोलादाचा, जाणूनबुजून जड केलेला, त्यामुळे तो सळयांचा भार तोलतो आणि दहा-बारा वर्षांची पोरसुद्धा तीस-चाळीस मीटर खोलीवरचं पाणी उपसू शकते. एकदा हापसलं की साधारण चारशे मिलीलिटर पाणी येतं. चाळीस वेळा हापसलं की बादली भरली. वीज नाही, डिझेल नाही, फिल्टर नाही, मीटर नाही.

आणि या आराखड्यावर कुणाचीही मालकी नाही. तो सर्वांसाठी खुला ठेवला गेला. कुठल्याही कारखान्याने बनवावा, मापं एकच, त्यामुळे एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपात बसतो. लाखो पंप बनले, आफ्रिकेत पोचले. युगांडाने आपल्या मानकात त्याला ‘यू-२’ असं नाव दिलं. सुदान, झांबिया, माली, बुर्किना फासो, सगळीकडे तोच आकार दिसतो: तीन पायांवर उभा, पुढे तोटी, मागे लांब दांडा. बाजारात नाव नसलेली, जाहिरात न झालेली भारतीय वस्तू इतक्या लांब पोचल्याची उदाहरणं फार नाहीत. आपण मात्र ‘मेड इन इंडिया’ची चर्चा मोबाइलपुरतीच करत बसतो.

नारू आठवतो का? निदान घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस काढावा लागायचा. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय घालून उतरत आणि तेच पाणी पीत, त्यातून तो पसरे. महाराष्ट्रातही तो होता. १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारूवर लस नव्हती. पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि झाकलेल्या बोअरमधून स्वच्छ पाणी देणारा हातपंप यांनीच तो घालवला.

आता उलट बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर हे आवाहन नुसतं भावनेचं होईल. हापसा हापसणं आणि डोक्यावरून पाणी वाहणं हे बायकांच्या आणि मुलींच्या वाट्याला आलं, ते कष्ट संपायलाच हवेत. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं, घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं उद्दिष्ट, ते योग्यच आहे. काही हापसे तर पिण्यासाठी बंदच व्हायला हवेत: चंद्रपूर, यवतमाळच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते पिऊन दात आणि हाडं खराब होतात. तिथे पाणी तपासून हापशाला लाल रंग द्या, धुण्याभांड्याला वापरा, प्यायला नको. माझं भांडण नळाशी नाहीच. नळ आला म्हणून हापसा मारायचा, या हिशेबाशी आहे. नळाच्या मागे वीज, मोटर, टाकी, जलवाहिनी, व्हॉल्व्ह आणि थकलेलं बिल अशी मोठी साखळी आहे, त्यातली एक कडी तुटली की सगळं गाव तहानलं. हापशाची साखळी वीतभर, आणि डोळ्यांसमोर.

दोन्ही एकाच बोअरवर चालतात, हेही आपल्याच राज्यात दाखवून झालंय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सौर ऊर्जेचे दुहेरी पंप बसवले: खाली पाणबुडी पंप, तो उन्हावर टाकी भरतो, आणि वर हापसा तसाच. ढग आले, पंप बिघडला, तर दांडा आहेच. मोटर सोडताना हापसा उपटून टाकायची गरजच नाही.

मग हापसे मरतात कशाने? बहुतेक वेळा किरकोळ कारणाने. साखळीला वंगण नाही, वायसर झिजलेलं, पाइप गंजून भोक पडलेलं. दुरुस्ती पंचायत समितीच्या पथकाकडे, पथकाकडे गावं फार आणि माणसं थोडी. अर्ज पडून राहतो. इथे बांदा आणि तिलोनियाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कार्यक्रमात गावातल्या, कित्येक तर निरक्षर, बायकांनी पाने-तिकाटणं हाती घेऊन हातपंप दुरुस्त केले. राजस्थानात तिलोनिया गावातल्या संस्थेने गावातल्याच माणसाला ‘हातपंप मिस्त्री’ केलं. पुढे ‘मार्क थ्री’ आला, तोही यासाठीच: त्यात अख्खी पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येतो, म्हणजे दोन-तीन माणसं थोड्या अवजारांवर वायसर बदलू शकतात. यंत्र गावाच्या हातात द्यायची तयारी इंजिनिअरांनी तेव्हाच केली होती. आपण हात पुढे केला नाही.

दुसरा मारेकरी मोठा आहे. साधा हापसा पन्नास मीटरपलीकडे फारसा कामाचा नाही, आणि शेजारच्या शेतात दोनशे मीटरची बोअर झाली की त्याचं पाणी खाली जातं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्यातच घातली होती. ती कागदावर का राहिली, हे गावागावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण बोअर घेणारा बहुधा ग्रामपंचायतीतच बसलेला असतो. कोरडा पडलेला हापसा म्हणजे गावाच्या भूजलाची उघडी वही. ती मिटली की पाणी किती खाली गेलं, हे गरीब माणसाला कळायचा रस्ताच बंद.

तेव्हा वाट बघू नका. हापसा उघडायला एक पाना लागतो: पुढचं झाकण काढा, साखळीला ग्रीस लावा, बोल्ट आवळा, महिन्याला एकदा. ओट्याचं सांडपाणी लांब काढा, म्हणजे तेच पाणी परत बोअरमध्ये मुरणार नाही. शाळेतल्या पोरांना हापशाचा आतला भाग उघडून दाखवा, भौतिकशास्त्राचा तरफेचा धडा पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. गावातल्या दोन मुली आणि दोन मुलगे निवडा, पंचायत समितीच्या मेकॅनिककडून शिकवून घ्या, आणि त्यांच्या कामाचे पैसे द्या, फुकटची सेवा टिकत नाही. वित्त आयोगाच्या निधीत पाण्यासाठी राखलेला हिस्सा असतो, त्यातून वायसर, साखळी आणि चार पाइप गावातच ठेवता येतात. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी गावी गेल्यावर देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती फाडताना हापशाचीही चौकशी करावी.

आणि पुढच्या ग्रामसभेत, १ मे असो की १५ ऑगस्ट, हात वर करून तीनच प्रश्न विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या: गावात हापसे किती, त्यातले आज चालू किती, आणि बंद असलेल्यांचे दांडे कुणाच्या घरी आहेत?